अळूच्या खाचरातील प्रयोगशाळा

परसात मोरीचे पाणी जिरते त्या कोपऱ्यात अळू हमखास असते. पंगतीत त्याचे फतफते होते, श्रावणात वड्या होतात, आणि चिंच किंवा आमसूल टाकावयास विसरले की घसा खवखवतो. अळूविषयी आपले ज्ञान साधारणपणे एवढ्यावर संपते. अळकुड्या खाणारी घरे आहेत, पण अळू हे कोणाचे मुख्य अन्न असेल, एवढेच नव्हे तर अळूला कोणी आपला थोरला भाऊ मानीत असेल, ही कल्पना आपल्याला सहसा शिवत नाही.

प्रशांत महासागराच्या मध्यावर असलेल्या हवाई बेटांतील मूळ रहिवासी अळूला नेमके तेच मानतात. ते त्याला 'कालो' म्हणतात. वनस्पती तीच, आपल्या परसातली. आशियाच्या दक्षिण-आग्नेय भागातून माणसांबरोबर बेटाबेटांवरून प्रवास करीत ती तेथवर पोचली. त्यांची कथा अशी : वाकेआ आणि होओहोकूकालानी यांचे पहिले मूल मृत जन्मले. त्याला जमिनीत पुरले, आणि त्या जागी अळूचे रोप उगवले. त्यानंतर झालेल्या दुसऱ्या मुलाला थोरल्याचेच नाव दिले, हालोआ. तो माणसांचा पूर्वज. म्हणजे अळू थोरले आणि माणूस धाकटा. धाकट्याने थोरल्याची सेवा करावी आणि थोरल्याने धाकट्याला पोसावे असा हा व्यवहार. मुख्य अळूच्या बाजूने जे कोंब फुटतात त्यांना 'ओहा' म्हणतात, आणि कुटुंबाला असलेला 'ओहाना' हा शब्द त्यावरूनच आला असे सांगतात.

या कथेला पुराणकथा म्हणून बाजूला ठेवणे सोपे आहे. परंतु गेल्या चाळीसपंचेचाळीस वर्षांत हवाईतील विद्यार्थ्यांनी या कथेपासून आरंभ करून जे उद्योग केले, त्यांत तापमापक आहे, पाण्यातील प्राणवायू मोजण्याचे यंत्र आहे आणि दुर्बिणीने टिपलेले लघुग्रहही आहेत. कला शाखेच्या आपणा मंडळींना त्यांत विशेष रस वाटावा असे एक कारण आहे. यांतील काही महत्त्वाच्या कामांची सुरुवात भाषेच्या विद्यार्थ्यांनी केली.

१९८० सालची गोष्ट. होनोलुलूच्या मानोआ खोऱ्यात हवाई विद्यापीठ आहे आणि त्याच्या कडेने मानोआ ओढा वाहतो. विद्यापीठात हवाईयन भाषा शिकणाऱ्या मुलांचे एक मंडळ होते. ओढ्याकाठच्या झाडोऱ्यात या मुलांना जुन्या पाटाच्या खुणा सापडल्या. ओढ्याचे पाणी वळवून अळूच्या खाचरांत नेणाऱ्या अशा पाटाला 'आउवाई' म्हणतात, आणि खाचराला 'लोई'. जागेचे नाव कानेवाई, म्हणजे काने या गोड्या पाण्याच्या देवाचे पाणी. नाव भाषेत शिल्लक होते, पाणी मात्र केव्हाच आटले होते. मुलांनी पाट उकरला, बांध घातले, आणि माउई बेटावरील केआनाए येथील हॅरी कूनिही मिचेल या जाणत्या वडीलधाऱ्यांकडून खाचर कसे राखावे हे शिकून घेतले. कोणी अभ्यासक्रमात हे घातले नव्हते. पुढे विद्यापीठाने ती जागा आपल्या हवाईयन अभ्यासाच्या विभागाचा भाग म्हणून स्वीकारली, आणि बेटावरील शाळांच्या मुलांच्या कितीतरी तुकड्यांनी तेथे चिखलात पाय घातले.

अळूच्या खाचरात विज्ञान कोठे आले, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. भाताच्या खाचरात पाणी साचून राहिले तरी चालते. अळूच्या खाचरात ते वाहते लागते, आणि थंड लागते. पाणी एका तोंडाने आत येते, खाचरांच्या उतरंडीतून फिरते आणि खालच्या बाजूने पुन्हा ओढ्यात जाते. ओढ्याचे सगळेच पाणी वळवावयाचे नाही आणि वळवलेले पाणी परत द्यावयाचे, हा जुना दंडक. आता तापमापक लावून पाहिले म्हणजे या दंडकाचा अर्थ उलगडतो. पाणी सुमारे २७ अंश सेल्सियसच्या वर गेले की बुरशीसारख्या रोगांचा जोर होतो आणि अळकुड्या जमिनीत कुजू लागतात. वेगाने आत आलेले पाणी तापण्यापूर्वी बाहेर पडते. प्रवाह मंदावला की तापते. म्हणजे पाण्याचे तापमान हा निव्वळ तापमानाचा प्रश्न न राहता ओढ्यात पाणी किती सोडले जाते याचा, आणि म्हणून पाण्यावर हक्क कोणाचा याचा प्रश्न होतो. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तोंडाशी तापमान मोजून त्यातील फरक मांडणे हे शाळकरी मुलाला सहज जमणारे काम आहे. पण त्या दोन आकड्यांच्या मागे हवाईचा शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास उभा असतो.

तो इतिहास थोडक्यात असा. एकोणिसाव्या शतकात उसाचे मळे आले. उसाला पाणी हवे म्हणून डोंगराच्या पावसाळी अंगाचे ओढे बोगदे आणि पाट काढून कोरड्या अंगाला वळवले गेले. माउई बेटावरचा हामाकुआ पाट १८७८ साली पुरा झाला. ज्या खोऱ्यांत अळू पिकत होते ती कोरडी पडली. हवाईयन भाषेत 'वाई' म्हणजे गोडे पाणी आणि 'वाईवाई' म्हणजे संपत्ती, आणि कायद्याला शब्द आहे 'कानावाई', ज्यात पुन्हा पाणी आहेच. माउईवरची शेवटची साखर २०१६ च्या अखेरीस निघाली आणि मळा बंद झाला. जून २०१८ मध्ये तेथील जल आयोगाने पूर्व माउईतील बऱ्याच ओढ्यांचे पाणी अळूच्या शेतीसाठी पुन्हा सोडावे असा निर्णय दिला. त्यासाठी शेतकरी कुटुंबांना अनेक वर्षे झगडावे लागले होते, आणि त्या झगड्यात किती पाणी लागते, ते किती तापते, याचे आकडे लागत होते. परंपरा आहे असे नुसते म्हणून आयोगापुढे भागत नाही.

आता भाषेकडे वळू, कारण सगळ्याची किल्ली तेथे आहे. हवाई हे राज्य होते. १७ जानेवारी १८९३ रोजी राणी लिलिउओकालानी यांना पदच्युत करण्यात आले, आणि १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम सक्तीने इंग्रजी झाले. दोनतीन पिढ्यांत घराघरांतून भाषा नाहीशी झाली. १९८० च्या सुमारास ती बोलणारी मुले बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. १९७८ च्या घटना परिषदेने हवाईयन भाषेला राज्यभाषेचे स्थान दिले. १९८४ साली काउआई बेटावर केकाहा येथे 'पूनाना लेओ' म्हणजे 'भाषेचे घरटे' या नावाची पहिली बालवाडी निघाली. १९८७ पासून सरकारी शाळांतही हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले.

वर्ग सुरू झाले आणि लगेच अडचण उभी राहिली. विज्ञान शिकवावयाचे कोणत्या शब्दांत? शब्द घडविण्यासाठी एक समिती बसली आणि तिचा कोशही पुढे छापला गेला. परिभाषेचा हा खटाटोप आपणास परका नाही. आपल्या भाषा संचालनालयाने १९६० नंतर जाडजूड कोश काढले, आणि ते ग्रंथालयाच्या कपाटात सुखरूप आहेत. हवाईच्या मुलांची गंमत अशी की त्यांना काही शब्द घडवावे लागले, तर काही नुसते शोधावे लागले. वारे, पाऊस, ढग, लाटा आणि शेवाळी यांच्यासाठी जुन्या भाषेत इतकी बारीक नावे होती की ती शिकता शिकता निरीक्षणाचा अर्धा पाठ होऊन जाई. अळूच्या जातींचेच पाहा. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या एका शेतकी पत्रिकेत ८४ जातींचे वर्णन आहे. देठाचा रंग, पानाची शीर, कडेची छटा यांवरून त्या ओळखावयाच्या, आणि प्रत्येकीला नाव आहे. नाव माहीत असलेला मुलगा खाचराच्या कडेला उभा राहून जो फरक पाहतो, तो नाव माहीत नसलेल्याला दिसतच नाही.

भाषेतील नोंदींचा विज्ञानाला किती उपयोग होतो याचे याहूनही ठसठशीत उदाहरण शाळांबाहेरचे आहे, पण ते सांगितल्यावाचून राहवत नाही. १८३४ ते १९४८ या काळात हवाईयन भाषेत शंभरावर वृत्तपत्रे निघाली. त्यांची सुमारे सव्वा लाख पाने आहेत. इंग्रजीत त्यांतले फारच थोडे आले. २०११-१२ साली हजारो स्वयंसेवकांनी ही जुनी पाने टंकलिखित करण्याचा उद्योग केला, जेणेकरून त्यांत शब्द शोधता यावेत. त्या पानांतून ९ ऑगस्ट १८७१ रोजी झालेल्या एका प्रचंड वादळाची वर्णने हाती आली. कोणत्या गावी वारा आधी कोणत्या दिशेने आला, मग कोणत्या दिशेला फिरला, किती घरे पडली, हे सगळे वाचकांनी संपादकांना लिहून कळवले होते. त्या वर्णनांवरून हवामानशास्त्रज्ञ आणि भाषातज्ज्ञ यांनी मिळून वादळाचा मार्ग नकाशावर मांडला आणि २०१८ साली प्रसिद्ध केला. हवाई आणि माउई बेटांवरून एक मोठे चक्रीवादळ गेले होते, ही गोष्ट इंग्रजी वाचणाऱ्या हवामानखात्याच्या हिशेबातच नव्हती.

१९९९ च्या कायद्याने हवाईत लोकांना स्वतःच्या सनदी शाळा काढण्याची मुभा मिळाली. या शाळा सरकारी पैशावर चालतात, पण कारभार त्यांचा त्यांनी पाहावयाचा असतो. हवाई बेटावर वाइमेआ येथे 'कानू ओ का आइना' आणि होनोलुलूत 'हालाउ कू माना' या शाळा त्यानंतर लगेच, २००० च्या सुमारास, निघाल्या. दुसऱ्या शाळेच्या संस्थापकांपैकी एक, नोएलानी गुडइयर-काओपुआ, यांनी २०१३ साली त्या अनुभवावर पुस्तक लिहिले. त्यात मानोआ खोऱ्याच्या माथ्याशी आइहुआलामा येथे मुलांनी पुन्हा जागवलेल्या खाचरांची हकीगत आहे, आणि 'कानेहूनामोकू' नावाच्या जोडहोडीचीही. १९७६ साली 'होकूलेआ' ही तशीच मोठी होडी कोणतेही उपकरण न वापरता, तारे आणि लाटा पाहून, ताहितीपर्यंत गेली होती. मायक्रोनेशियाच्या सातावाल बेटावरचे माउ पियाइलुग तिचे मार्गदर्शक होते. होडीला वर्ग करण्याची कल्पना त्या सफरीतून पुढे आली. होडीवर भूमिती, वाऱ्याचा दाब आणि ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्याचे कोन हे सगळे येतेच.

त्या पुस्तकातील मला सर्वांत प्रामाणिक वाटलेला भाग अडचणींचा आहे. अमेरिकेत २००२ साली लागू झालेल्या शालेय कायद्यानुसार शाळेची लायकी ठरत होती ती इंग्रजी वाचन आणि गणित यांच्या एकसारख्या परीक्षांवरून. मूल खाचराला पाणी किती लागते याचा हिशेब करू शकते, पण छापील प्रश्नपत्रिकेत तो हिशेब विचारलेला नसतो. खाली गुण पडले की शाळेवर दट्ट्या. मग खाचरातले दिवस कमी करून परीक्षेची घोकंपट्टी वाढवावी काय, हा पेच शिक्षकांपुढे कायम राहिला. आपल्यापैकी ज्यांनी बारावीचे वर्ष पाहिले आहे त्यांना हा पेच निराळा समजावून सांगावयास नको.

खाचरांपासून ओढ्याच्या वाटेने खाली आले की समुद्र लागतो, आणि समुद्राच्या काठी दुसरी प्रयोगशाळा आहे. ती म्हणजे माशांची तळी, 'लोको इआ'. ओआहू बेटावर कानेओहे उपसागरात हेएइया येथे असे तळे आहे. ८८ एकरांचे हे तळे साधारण दोन किलोमीटर लांबीच्या दगडी भिंतीने वेढलेले असून सहाशे ते आठशे वर्षांपूर्वीचे आहे. बाहेरून व आतून काळा दगड आणि मधे पोवळ्यांचा भराव अशी भिंत. तिला लाकडी गजांच्या झडपा असतात, त्यांना 'माकाहा' म्हणतात. गजांच्या फटीतून माशांची बारीक पिल्ले आत येतात, आत वाढणारे शेवाळ खाऊन लठ्ठ होतात, आणि मग त्याच फटीतून बाहेर पडता येत नाही. भरतीचे ताजे पाणी आत येऊ लागले की मासे आपण होऊन झडपेपाशी गोळा होतात आणि हवे तेवढे उचलावयाचे. गोव्याच्या खाजन जमिनींवरची मानस ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रचना चटकन कळेल.

तळ्यात पाळावयाचे मासे मुख्यतः शेवाळ खाणारे असत. जीवशास्त्राच्या पुस्तकात अन्नसाखळीचे जे कोष्टक असते, त्यात एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाताना ऊर्जेचा साधारण एक दशांशच भाग उरतो असे सांगितलेले असते. मोठे शिकारी मासे पाळण्याऐवजी शेवाळ खाणारे पाळले तर तेवढ्याच पाण्यातून कितीतरी अधिक अन्न मिळते. हे गणित त्यांनी कोष्टक मांडून केले होते असे म्हणण्याचे कारण नाही; पिढ्यान्‌पिढ्या पाहून केले होते. ओढ्याच्या मुखाशीच तळे बांधण्यातही हेच. वरच्या खाचरांतून गाळून आलेले पाणी खत घेऊन येते, खाऱ्या पाण्यात मिसळते आणि शेवाळ जोमाने वाढते. डोंगरातील खाचर आणि काठचे तळे ही एकाच यंत्राची दोन टोके आहेत.

१९६५ च्या पुरात हेएइयाच्या भिंतीला मोठे भगदाड पडले आणि तळे उघडे पडले. २००१ साली स्थापन झालेल्या 'पाएपाए ओ हेएइया' या संस्थेने ते हाती घेतले आणि २०१५ च्या डिसेंबरात जमलेल्या लोकांनी हातोहात दगड देऊन ते भगदाड बुजवले. या सगळ्या वर्षांत शाळा-कॉलेजांच्या मुलांची रीघ तेथे लागलेली होती. त्यांच्या कामांपैकी एक ऐकून आपल्याकडील पर्यावरणप्रेमी दचकतील. मुले तेथे तिवरांची झाडे तोडतात! आपण कांदळवन वाचविण्यासाठी मोर्चे काढतो, आणि ते योग्यच आहे. पण हवाईत तिवर मुळात नव्हते. उसाचे मळे आणि गुरांची कुरणे यांमुळे धुपून येणारा गाळ अडविण्यासाठी ते १९०२ साली मोलोकाई बेटावर बाहेरून आणून लावले गेले आणि मग पसरले. त्यांची मुळे तळ्याच्या भिंती उकलतात. एकच झाड येथे राखावयाचे आणि तेथे उपटावयाचे, कारण प्रत्येक जागेचा इतिहास निराळा.

तळ्यावर दुसरे काम मोजण्याचे. क्षारता, तापमान, पाण्यात विरघळलेला प्राणवायू यांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. २००९ साली हेएइयाच्या तळ्यात पाळलेले 'मोई' मासे मोठ्या संख्येने मेले. नेहमीचे व्यापारी वारे मंदावले, पाणी ढवळले गेले नाही, तापले, आणि त्यातील प्राणवायू कमी झाला, असे कारण नोंदींवरून पुढे आले. त्याचा धागा प्रशांत महासागरातील एल निनोच्या घडामोडीशी जुळत होता. जुन्या तळेकऱ्याला वारा पडला की काळजी वाटत असणार. यंत्राने त्या काळजीला आकडा दिला, आणि आकडा असला की आधी सावध होता येते.

वाऱ्याइतकीच चंद्राचीही गोष्ट तेथे महत्त्वाची. हवाईयन महिन्यात तीस रात्री, दहादहाच्या तीन भागांत : वाढता चंद्र, भरलेला चंद्र आणि उतरता चंद्र. आपल्याला प्रतिपदा-द्वितीया असे आकडे आहेत, त्यांच्या प्रत्येक रात्रीला स्वतःचे नाव आहे. पहिली बारीक कोर दिसते ती 'हिलो', पुढे 'होआका', मग 'कू' नावाच्या चार रात्री, पौर्णिमेच्या आसपास 'आकुआ', 'होकू', 'माहेआलानी', आणि चंद्र दिसेनासा होतो ती 'मुकू'. यांत 'ओले' नावाच्या रात्री दोनदा येतात. ओले म्हणजे नाही, काही नाही. या रात्री मासेमारीला आणि लावणीला निष्फळ मानल्या जात. त्या पडतात कोठे हे पाहिले तर शुद्ध आणि वद्य अष्टमीच्या आगेमागे. आपले कोळी ज्याला भांग म्हणतात तो हा काळ. पाण्याचा चढउतार सर्वांत कमी. डोळीच्या जाळ्याला पाण्याची ओढ लागते, म्हणून तो धंदा उधाणाच्या दिवसांवर चालतो आणि भांगात थंडावतो.

जुळणी दिसली म्हणून कारण सापडले असे मात्र म्हणता येत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरांच्या वर जाते, तर हवाईत भरती-ओहोटीतला फरक सहसा एक मीटरही नसतो. तेथे भांगाचा मासेमारीवर किती परिणाम होत असेल? आणि लावणीचे काय? भरतीचा आणि अळूच्या रोपाचा संबंध तर कोणी दाखवून दिलेला नाही. मला या उपक्रमांचे कौतुक वाटते ते येथे. मुलांच्या चांद्र-नोंदवहीत रात्रीचे नाव, आकाश, वारा, भरतीची उंची, कोणते झाड फुलले, कोणता मासा दिसला हे रोज लिहावयाचे असते. पूर्वजांनी म्हटले म्हणून खरे, असे लिहावयाचे नसते. दहा वर्षांच्या वह्या साठल्या की काय खरे उतरते ते दिसेल. पूर्वजांचे ज्ञान तरी असल्याच नोंदींतून झाले होते, फक्त त्यांची वही पाठांतराची होती.

वही भरताना मुलांच्या हातून चुका होत नाहीत काय? होतात. हवाई विद्यापीठाच्या मदतीने शाळांतून चाललेल्या एका उपक्रमात मुले किनाऱ्यावरील खडकांवर चौकटी टाकून शेवाळे आणि प्राणी मोजीत. खडकावर चिकटून राहणाऱ्या शिंपल्यावरून त्याला 'ओपिही' असे नाव होते. मुलांच्या मोजण्यावर कितपत विश्वास ठेवावा हे तपासले गेले, तेव्हा तज्ज्ञा-तज्ज्ञांच्या मोजण्यातही फरक पडतो असे आढळले. शेवाळांच्या बाबतीत तर हवाईला मोठा आदर्श होता. इझाबेला अॅबट यांना खाण्याची शेवाळे, ज्यांना 'लिमू' म्हणतात, त्यांची नावे आणि चवी आईने किनाऱ्यावर शिकविल्या. पुढे १९५० साली त्यांनी कॅलिफोर्नियात पीएच.डी. मिळविली आणि समुद्री शेवाळांच्या जगन्मान्य तज्ज्ञ झाल्या. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या हवाईयन स्त्री. २०१० साली त्या वारल्या.

येथवर सगळे गोडीगुलाबीचे वाटेल. ते तसे नाही. २००२ साली हवाई विद्यापीठाने रोगाला दाद न देणाऱ्या तीन संकरित अळूंवर पेटंट घेतले. थोरल्या भावावर मालकी हक्क! अळू पिकविणारे शेतकरी आणि हवाईयन कार्यकर्ते यांनी निदर्शने केली आणि २००६ साली विद्यापीठाने ती पेटंटे सोडून दिली. आपल्याला हळदीची आठवण होईल. पण हळदीचे पेटंट १९९७ साली रद्द झाले ते हा गुण जुन्या ग्रंथांत आधीच लिहिलेला आहे हे दाखवून. हवाईतील हरकत त्याहून निराळी होती. संकर नवा होता, शोध खरा होता; प्रश्न होता की जो नात्यातला आहे तो मालकीचा कसा होईल. विज्ञानाच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नाही, आणि खाचरात उभ्या असलेल्या मुलांना तो टाळताही येत नाही.

दुसरा कलह आकाशाचा. हिलो येथे २००६ साली उघडलेल्या 'इमिलोआ' खगोल केंद्रात २०१८-१९ मध्ये एक उपक्रम झाला. हवाई आणि माउई बेटांवरील, हवाईयन बोलणारी शाळकरी मुले तेथे जमली. माउईच्या हालेआकाला पर्वतावरील दुर्बिणीने शोधलेल्या दोन लघुग्रहांची गती त्यांनी खगोलशास्त्रज्ञांकडून समजावून घेतली, भाषेच्या जाणकारांबरोबर बसली, आणि नावे दिली. ती आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्यही केली. पहिला २०१६ साली सापडला होता. तो सूर्याभोवती फिरताना जणू पृथ्वीची सोबत करतो आणि पृथ्वीवरून पाहता झुलत असल्यासारखा दिसतो. त्याचे नाव 'कामोओआलेवा' : झुलणाऱ्या पिंडाचा तुकडा. 'कुमुलिपो' या दोन हजारांवर ओळींच्या सृष्टिजन्माच्या स्तोत्रातून ते घेतले. दुसरा गुरूच्या कक्षेत, पण उलट्या दिशेने फिरतो. त्याचे नाव 'काएपाओकाआवेला', म्हणजे गुरूचा खोडकर, उलटा चालणारा सोबती. गणिताने सांगावयाचे ते मुलांनी एका शब्दात बसवले. पुढे २०२१ साली कामोओआलेवाच्या प्रकाशाचा अभ्यास होऊन तो चंद्राचा तुटलेला तुकडा असावा असे अनुमान निघाले. नावात तुकडा आधीच होता. तो योगायोग समजावा. मे २०२५ मध्ये चीनने त्याच्याकडे यान सोडले, तेथील माती आणण्यासाठी.

याच काळात, जुलै २०१९ मध्ये, मौना केआ या पर्वतावर तीस मीटरच्या नव्या दुर्बिणीच्या बांधकामाला विरोध म्हणून हवाईयन वृद्ध मंडळी रस्त्यावर बसली. तीसहून अधिक जणांना अटक झाली. त्यांच्या मागे तरुणांची आणि विद्यार्थ्यांची गर्दी होती. त्यांना पर्वत पवित्र आहे. पर्वतावर आमचे ऐकावयाचे नाही आणि आकाशातील दगडांना मात्र आमची नावे लावावयाची, हा दागिना कशाला, असे विचारणारे होते. भाषा आकाशापर्यंत पोचली याचा आनंद मानणारेही होते, आणि एकाच घरात दोन्ही मते असणेही अशक्य नव्हते. मला स्वतःला नावांचे काम खोटे वाटत नाही. नाव देणाऱ्या मुलांनी ती गती खरोखर समजून घेतली होती. पण नाव देण्याचा मान आणि जागेविषयी निर्णय घेण्याचा अधिकार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पहिली मिळाली म्हणून दुसरीची मागणी करू नये असे कोणी सांगू लागले तर तेथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूला बसेन.

कानेवाईच्या खाचरात काढणी कशी होते ते सांगून थांबतो. अळू उपटले की अळकुडी खालून कापून घेतात. ती उकडून, कुटून 'पोई' करावयाची. वरच्या बाजूला अळकुडीचा पातळ काप आणि त्याला चिकटलेले वीतभर देठ उरतात. त्याला 'हुली' म्हणतात. हुली फेकत नाहीत. ती पुन्हा चिखलात खोचतात, आणि त्याच देठातून पुढचे रोप उभे राहते. बी नाही, संकर नाही. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर ते तेच झाड असते, एका हातातून दुसऱ्या हातात शतकानुशतके आलेले. जी जात आज एखादी शाळकरी मुलगी नाव घेऊन लावते, तिच्या पेशी पहिल्या होड्यांतून आलेल्या रोपाच्या, किंवा त्याच्या एखाद्या कोंबाच्या, असतात. हुली खोचताना ती टेकेल इतकीच खोल जावी, फार दाबू नये, असे मुलांना सांगतात. दाबली की कुजते.